उजवे दोन, डावा एक

१९९६च्या एप्रिलमध्ये मी माझे सासरे जपानमध्ये हरवले.

आता माणसं हरवतात. पण ते ज्या कारणाने हरवले ते कारण मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, हसत हसत तयार केलं होतं. मी त्यांचा उजवा बूट लपवला होता. तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं. वय मुद्दाम सांगतोय... नाहीतर वाचणारा म्हणेल, पोरवय असेल, व्हायचंच असं.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. वडाचं झाड, पांढरी साडी, ‘मागे वळून बघू नकोस’ — आणि लिहिणारा हमखास मागे वळून बघतो. मी फार्मसिस्ट माणूस. पुण्यात शिकलो, ऑकलंडला आयुष्य काढलं. ‘माझ्या अंगात येतं हो’ म्हणणाऱ्या एका बाईंना मी काउंटरवरून अँटासिड दिलं होतं आणि त्यांचं जे काय अंगात यायचं ते दोन दिवसांत उतरलं होतं. तेव्हा अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आज नाही, आणि हे लिहून संपेल तेव्हाही नसेल. पण माझ्या हिल्सबरोच्या घरी, गराजमध्ये, लॉनमोअरच्या वरच्या फळीवर एका जोडीचे तीन बूट आहेत. एका जोडीचे. तीन. त्यांचं काय करायचं ते कुणीतरी मला सांगावं.

सुरुवातीपासून सांगतो.

माझे सासरे, अप्पा, एसटीत कंट्रोलर होते. सातारा डेपो. छत्तीस वर्षं त्यांनी हातात शिट्टी आणि डोळ्यांत जरब ठेवून गाड्या वेळेवर सोडल्या. एकदा गाडीच्या टपावरून कुणाची तरी लोखंडी ट्रंक निसटून त्यांच्या उजव्या पायावर पडली, तेव्हापासून ते तो पाय जरा बाहेरच्या कडेवर टाकत चालायचे. पण चालायचे वेळेवरच. आणि त्यांची एक सवय होती. देवळात गेले की एक चप्पल पायरीच्या या टोकाला, दुसरी पार त्या टोकाला. ‘एक चप्पल कुणी चोरत नाही, शरदराव. चोराला जोडी लागते.’

हे ते मला खास ऐकवायचे, त्याला कारण होतं. मेधाला बघायला मी साताऱ्याला गेलो त्या दिवशी, आधी देवाला नमस्कार करून जाऊ म्हणून वाटेतल्या देवळात शिरलो. बाहेर आलो तर नव्याकोऱ्या कोल्हापुरी गायब. दुकानं बंद, दुपारची वेळ, डांबर तापलेलं. उड्या मारत, सावल्या शोधत मी मुलीच्या घरी पोचलो.

अप्पांनी माझ्या पायांकडे बघितलं. “चपला?”

“गेल्या.”

“दोन्ही?”

“एकत्र ठेवल्या होत्या.”

अप्पा आत गेले आणि सासूबाईंना मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ज्याला स्वतःच्या चपला सांभाळता येत नाहीत, तो आपली मुलगी काय सांभाळणार?” लग्न झालं ते मेधाच्या हट्टामुळे. पण ते वाक्य मग प्रत्येक दिवाळीला, बारशाला, मुंजीला, एअरपोर्टवर निरोप देताना सुद्धा... पंचवीस वर्षं. तेव्हा बूट लपवण्यामागे माझी काही बाजू होती, एवढंच म्हणणं आहे.

सासूबाई १९९५मध्ये गेल्या. मेधा — ती नर्स, ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात — अप्पांना आमच्याकडे घेऊन आली. कायमचं राहा म्हणाली. अप्पांनी परतीचं तिकीट मे महिन्याचं काढून ठेवलं होतं आणि ते शर्टाच्या खिशात घालून फिरायचे. आम्ही दोघं कामावर गेलो की हे कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचे, दुकानदाराला ‘किया ओरा’ म्हणत तिथला रामराम करायचे आणि मग बसस्टॉपवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बसची वेळ घड्याळाशी ताडून बघायचे. ड्रायव्हर त्यांना ओळखायला लागले होते. उशीर झाला की लांबूनच हात जोडायचे.

“अप्पा, राहा ना इथेच,” मेधा म्हणायची.

“इथे मी काय करू? फर्निचर आहे मी तुमच्याकडे. शनिवारी पुसता, रविवारी उचलून गाडीत ठेवता, समुद्र दाखवून परत आणून ठेवता.”

मेधाच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई गेली तेव्हा ती वेळेवर पोचली नव्हती, हे तिला आत लागलेलं होतं. वडिलांना पुन्हा त्या रिकाम्या घरात पाठवायचं नाही, एवढाच तिचा ध्यास. म्हणून आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला क्रूझ ठरली ती तिघांची. जपानपर्यंत विमान, मग योकोहामाहून बोट उत्तरेकडे, हाकोदाते, ओतारू, आणि परत. ‘थोडे रमतील, तिकिटाचं डोक्यातून जाईल,’ असं तिचं गणित.

निघण्याआधी मी अप्पांसाठी बूट घेतले. ओनेहंगाच्या एका दुकानात, तपकिरी, लेसचे, दणकट. एक जोड. (एकच. हा मुद्दा पुढे येणार आहे.) दोन महिने हिल्सबरोचे चढउतार करून त्यांनी ते चांगले रुळवले. उजव्याला करंगळीपाशी टोचायचं म्हणून मी स्वतः आतून थोडं चामडं कापून फेल्टचा तुकडा चिकटवला, माझ्या फार्मसीत पायाला कुरूप झालेल्यांना देतो तो. मेधाने हॉस्पिटलच्या सवयीने दोन्ही बुटांच्या जिभेवर आतून मार्करने ‘अप्पा’ लिहिलं. उजव्याची शाई ओली असतानाच अप्पांनी पाय घातला, त्यामुळे त्यातला ‘अ’ फिसकटून बेडकासारखा दिसायचा. आणि त्या उजव्याचीच लेस तुटली तेव्हा अप्पांनी नवी आणू दिली नाही. डेपोत पार्सलला मारतात तशी दुहेरी गाठ मारली. “आता बूट फाटेल, गाठ सुटायची नाही.”

हे सगळं लक्षात ठेवा.

हाकोदातेला बोट सकाळी लागली. धक्क्यावर असा वारा की डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत जात होतं. चेरी फुलायला अजून दोन-तीन आठवडे होते... माझं टायमिंग आयुष्यभर असंच. आदल्या दिवशी जिन्यावरून पाय घसरून मेधाचा घोटा सुजला होता, त्यामुळे ती केबिनमध्येच राहणार होती. साडेचारला सगळे प्रवासी परत बोटीवर, पाचला बोट सुटणार.

“अहो, त्यांना एक मिनिटही एकटं सोडू नका. भाषा नाही, काही नाही. आणि थंडी बघा.”

“स्वीट ॲज,” मी म्हटलं.

“ते तसलं बोलू नका. हो म्हणा.”

“हो.”

अप्पा लाल कानटोपी, मफलर, माझा जाडा कोट आणि ते बूट अशा थाटात उतरले. आणि धक्क्याबाहेर आल्याबरोबर त्यांना शोध लागला की या गावात ट्राम आहे. झालं! डाव्या हातावरचं घड्याळ वर आलं. पहिली ट्राम वेळापत्रकात लिहिलेल्या मिनिटाला आली. दुसरी आली. तिसरीही आली. अप्पा माझ्याकडे वळून इतक्या हळव्या आवाजात म्हणाले, “शरदराव, माणसं आहेत ही...” की सासूबाईंच्या आठवणीनेसुद्धा त्यांचा आवाज तसा झालेला मी ऐकला नव्हता.

बाजारात टाक्यांतले खेकडे बघून आम्ही शाकाहारी तोंडं केली, केबिनमधून आणलेला ब्रेड-जॅम बाकावर बसून खाल्ला आणि दुपारी टेकडीच्या बाजूला गेलो. त्या गावाला टेकडीवरून थेट समुद्राकडे उतरणारे रुंद रस्ते आहेत, एकाशेजारी एक, सगळे सारखे. प्रत्येकाच्या तळाशी समुद्राचा एक राखाडी तुकडा. त्यांतल्या एकावर एक मोठं बौद्ध देऊळ दिसलं. बाहेर बूट ठेवायची लांबलचक लाकडी मांडणी. एक म्हातारी बाई, डोक्याला पांढरा पंचा बांधलेली, अंगण झाडत होती. हिच्याबद्दल उगाच काही मनात आणू नका. ती जिवंत होती, खोकत होती, आणि मी अंगणातून आडवा गेलो तेव्हा माझ्याकडे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

अप्पांनी डावा बूट मांडणीच्या या टोकाला ठेवला आणि उजवा घेऊन त्या टोकाला निघाले.

“अप्पा, हे जपान आहे. इथे कोण बूट नेतंय?”

“तुमचे तुम्ही कुठे ठेवले?”

“एकत्र.”

“अनुभव घेऊनही शहाणपण नाही,” म्हणत ते आत गेले.

आत शांत, ऊबदार. गुडघे दुखतात म्हणून त्यांना एक ठेंगणं स्टूल मिळालं. त्यांनी डोळे मिटले. आणि मला... काय सांगू, पंचवीस वर्षांचं वाक्य आठवलं. मी हळूच बाहेर आलो, माझे बूट चढवले, त्यांचा उजवा उचलला आणि पाठीवरच्या बॅगेत टाकला. झिप लावली. मांडणीवरच्या एकट्या डाव्या बुटाचा मेधाला दाखवायला फोटोही काढला. आता अप्पा बाहेर येणार, ‘एक चप्पल कुणी चोरत नाही’ या सिद्धान्ताकडे बघत उभे राहणार, आणि मी झाडामागून ते बघणार!

पण ते लगेच येईनात. म्हटलं तोवर रस्त्याचा एक फोटो. कोपऱ्यावर गेलो. रोल संपला. हातमोजे काढून नवा भरेपर्यंत बोटं बधिर. तेवढ्यात एका जपानी जोडप्याने त्यांचा फोटो काढायला सांगितलं, मग त्यांनी आग्रहाने माझा काढला... वीस मिनिटं गेली असतील. जास्तच.

परत आलो तर मांडणी रिकामी. डावा बूटही नाही. आत धावलो — स्टूल रिकामं.

पहिला विचार कुठला आला ते प्रामाणिकपणे सांगतो. ‘मेधाला काय सांगू?’ दुसरा विचार अप्पांचा. एका पायात नुसता मोजा, चार डिग्री तापमान, एक शब्द कुणाशी बोलता येत नाही.

अंगणात ती झाडणारी बाई होती. मी बॅगेतून बूट काढून तिच्यासमोर धरला आणि डोक्याभोवती हात फिरवून कानटोपी दाखवली, पाय वाकडा टाकून चालून दाखवलं. ती आधी हसत पुढे आली. मग तिने बूट बघितला. हसू गेलं. तिने बोट आत घालून करंगळीपाशी चिकटवलेलं फेल्ट चाचपलं. लेसच्या गाठीवरून अंगठा फिरवला. आणि एक पाऊल मागे सरकून तिने हात जोडले, वाकली. मला नाही. बुटाला. मग उताराकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, इथली रीत असेल. मी पण बूट धरलेल्या हाताने वाकलो आणि धावत सुटलो.

त्यापुढचा तास-दीड तास मी हाकोदातेच्या रस्त्यांवरून एक बूट हातात घेऊन फिरणारा भारतीय होतो. एक रस्ता उतरलो, दुसरा चढलो, पुन्हा तिसरा उतरलो. सगळे सारखे. प्रत्येक लाल रंगाकडे पळायचो. एकदा ती पोस्टाची पेटी निघाली. बर्फाचे बारीक कण उडायला लागले. एका पोलिस चौकीत शिरलो. तरुण पोलिसाला मी कागदावर अप्पांचं चित्र काढून दिलं. कानटोपी छान आली होती. त्याने गंभीरपणे चित्र बघितलं, बूट बघितला, आनंदाने मान हलवली आणि एक फॉर्म काढून बुटाचं माप घ्यायला लागला. मी म्हणतोय माझा म्हातारा हरवलाय, आणि हा लिहून घेतोय की मला रस्त्यात बूट सापडला! फॉर्म भरून झाल्यावर त्याने बुटाला चिठ्ठी बांधली आणि तो कपाटात ठेवायला निघाला. मी अक्षरशः हिसकावून घेतला, चिठ्ठी उपटली आणि पळालो. न्यूझीलंडच्या पासपोर्टवर असा डाग बहुधा माझाच.

पावणेचार झाले. आता बोटीवर जाऊन मेधाला सांगणं आणि कॅप्टनच्या पाया पडणं एवढंच उरलं होतं. धावताना मी मनातल्या मनात तिला सांगायची वाक्यं बनवत होतो. ‘थोडा घोटाळा झालाय’... ‘घाबरू नकोस, पण’... एकही वाक्य अर्ध्यापलीकडे जाईना. तिची आई गेली तेव्हा ती सिंगापूरच्या विमानतळावर बसली होती. आता वडील, आणि मध्ये मी. धक्क्याजवळच्या ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपाशी पोचलो, छातीचा भाता झालेला, बूट परत बॅगेत कोंबला...

आणि स्टॉपच्या बाकावर लाल कानटोपी.

अप्पा ताठ बसले होते. घड्याळ हातात.

“शरदराव! होतात कुठे? तुमच्यासाठी पाच गाड्या सोडल्या मी.”

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पायांत बूट होते.

डावा. आणि उजवा. तपकिरी, लेसचा. लेसला दुहेरी गाठ.

“अप्पा... बूट?”

“काय बूट?”

“उजवा... सापडला?”

“हरवला कुठे होता? बाहेर आलो तर जागेवर नव्हता एवढंच. त्या झाडणाऱ्या बाई आतून घेऊन आल्या. गार पडतो म्हणून शेगडीपाशी ठेवला असणार. चांगला गरम होता. स्वतः खाली बसून दोन्ही जोडीने मांडले, पुढची टोकं बाहेरच्या बाजूला, पाय सरकवला की चालायला लागा. मी म्हटलं, राहू द्या, राहू द्या. ऐकेनात. याला म्हणतात व्यवस्था.” मग जरा थांबून, “तुम्ही दिसला नाहीत. म्हटलं, हरवले असतील. हरवलेला माणूस शेवटच्या स्टॉपवर येतो, हे छत्तीस वर्षं बघितलंय. म्हणून इथे येऊन बसलो.”

मी पाठीवरची बॅग चाचपली. बूट होता. टाच माझ्या बरगडीत टोचत होती.

मी झिप उघडली नाही. इथे कुणी म्हणेल, तेव्हाच का नाही दाखवला? कारण दाखवायचा म्हणजे लपवला होता हे सांगायचं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, घाईत मी कुणा दुसऱ्याचाच बूट उचलला. कुणी जपानी गृहस्थ आता माझ्यामुळे लंगडत घरी जात असेल. असंच असणार! मी स्वतःला बोटीच्या शिडीपर्यंत हे पटवत आणलं.

केबिनमध्ये मेधा पाय उशीवर ठेवून बसली होती. “आलात! कसं झालं?”

“यांना जरा उशीर झाला,” अप्पा म्हणाले.

मेधाने कॅमेरा काढायला माझी बॅग ओढली. मी “थांब” म्हणेपर्यंत तिने झिप उघडून हात घातला, आणि बूट बाहेर काढला.

“हा कुणाचा?”

तिने सवयीने जीभ उलटून आत बघितलं. मग माझ्याकडे. मग अप्पांच्या पायांकडे. “हे माझं अक्षर आहे,” ती म्हणाली. बेडकासारखा ‘अ’. “अप्पा, तुमचा उजवा काढा बरं.”

अप्पांनी काढला. दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. त्यातही बेडूक. दोघांत फेल्ट. मी चिकटवलेलं, माझ्या कात्रीची एक बाजू वाकडी गेलेली, ती दोघांत वाकडी. दोघांच्या टाचा बाहेरच्या कडेला तशाच घासलेल्या. दोघांच्या लेसला, खालून तिसऱ्या भोकापाशी, दुहेरी गाठ. फरक एकच होता. माझ्या बॅगेतला बर्फासारखा गार होता आणि अप्पांच्या पायातला गरम. मेधाने नर्ससारखा तळवा आत घालून बघितला. “हा अजून गरम आहे हो,” ती म्हणाली. पायाची ऊब असेल, मी म्हटलं. तिने दुसऱ्या पायातल्या डाव्याला हात लावून बघितला आणि हात मागे घेतला. डावा नुसताच कोमट होता.

आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ती झाडणारी बाई आली. मी बूट दाखवला तेव्हा तिचं हसू का गेलं ते कळलं. थोड्याच वेळापूर्वी तिने तो स्वतःच्या हाताने अप्पांच्या पायांपुढे मांडला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो उतार उतरून गेला होता. आणि मी मागून येऊन तोच तिच्यासमोर धरला.

मला घाम फुटला, हे मान्य करतो. मग मी सगळं कबूल केलं. कोल्हापुरीपासून झाडापर्यंत. मेधाने तोंडावर हात घेतला. अप्पांनी दोन्ही उजवे बूट उचलून, आलटून पालटून खालून वरून बघितले, जसं डेपोत गाडीत राहिलेलं सामान बघत असतील.

“बेवारस सामान फेकायचं नसतं,” ते शेवटी म्हणाले. “मालक येईपर्यंत सांभाळायचं.”

“पण मालक तुम्हीच आहात, अप्पा!”

“हो ना. तोच घोटाळा आहे.”

तिसरा बूट आमच्याबरोबर ऑकलंडला आला.

त्यानंतर या गोष्टीवर लोकांनी मला काय काय ऐकवलं! लोअर हटचा आमचा एक डॉक्टर मित्र म्हणतो, तू दोन जोड घेतले असशील आणि विसरलास. बरं, घेतले. मग दुसऱ्या जोडीतला उजवा कुणी दोन महिने वाकडा चालवून झिजवला? मी? एका पायाने? यावर तो नुसता हसतो. फ्लॅट बुशला राहणाऱ्या एक वहिनी म्हणतात, ही सासूबाईंची कृपा. वहिनी, सासूबाईंनी सगळा जन्म नवऱ्याच्या चपला शोधून दिल्या. गेल्यावर तरी त्यांना त्या कामातून सुट्टी द्या. आमची मुलगी त्या वेळी युनिव्हर्सिटीत होती. तिने सगळं मराठीतून ऐकून घेतलं आणि इंग्रजीत एवढंच म्हणाली, “डॅड, हू डझ दॅट?” तिला बुटाचं काही वाटलंच नव्हतं.

फोटो बघायचाय? आहे. मांडणी, आणि एका टोकाला एकटा डावा. दुसरं टोक रिकामं.

मी तिन्ही बूट घेऊन एका शू-रिपेअरवाल्याकडेही गेलो होतो. चाळीस वर्षं तेच काम केलेला किवी माणूस. काही न सांगता समोर ठेवले. त्याने उजवे दोन हातात घेतले, टाचा जुळवल्या, शिवण बघितली, शिवणीतला एक चुकलेला टाका दोघांत एकाच जागी दाखवला. मग म्हणाला, “एकाच माणसाचे आहेत, मेट. एकाच पायाचे.” आणि बूट माझ्याकडे सरकवून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मला वाटतं तेवढंच योग्य होतं.

तेव्हा भूत म्हणाल तर मी भांडेन. बुटाचं भूत असतं का? भ्रम म्हणाल तरी भांडेन. भ्रमाला बुरशी येत नाही, आणि मी दर हिवाळ्यात तिघांनाही पॉलिश करतो. अप्पा २००० सालानंतर आमच्याकडेच, हिल्सबरोत, शांतपणे गेले. शेवटपर्यंत ते त्यांतला एक डावा आणि एक उजवा घालायचे. पण कुठला उजवा आज घालायचा ते रोज सकाळी दोन्हींत पाय घालून ठरवायचे. कशावरून ठरवायचे ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला आजही कारण माहीत नाही. शोधून दमलोय, पण हरलो असं म्हणायची माझी तयारी नाही.

त्यांच्या राहण्याचं सांगायचं राहिलंच.

बोट सुटली त्या संध्याकाळी आम्ही तिघं केबिनच्या खिडकीशी बसलो होतो. गाव मागे जात होतं. मेधा रडून झालेली, माझ्याशी अबोला. मला वाटत होतं, संपलं. ज्या घरचा जावई सासऱ्याला परक्या गावात सोडून झाडामागे लपतो, त्या घरात हा माणूस कशाला राहील? मेधाही तेच धरून बसली होती. कारण अप्पांनी खिशातून परतीचं तिकीट काढून मांडीवर ठेवलं होतं, आणि त्याच्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बाहेर बघत होते.

“अप्पा,” ती कशीबशी म्हणाली, “जायचंच असेल तर मी अडवणार नाही.”

अप्पांनी तिकीट उचललं आणि तिच्या हातात दिलं.

“रद्द कर हे. तू ड्यूटीवर गेलीस की यांच्यावर लक्ष ठेवायला घरात एक तरी शहाणं माणूस हवं.”